रामदीनचाचांचा पिकोलेट

पुण्याच्या कोर्टात भल्याभल्यांची बोलती बंद करणारी सुरुची दारात आलेल्या शेजाऱ्याला मात्र कधी नाही म्हणू शकली नाही.

नेदरलँड्समधल्या झूटरमेरला येऊन चार वर्षं झाली होती. नवऱ्याची, सुबोधची नोकरी भक्कम. हिची वकिलीची सनद कपाटात पडून. जूनमध्ये तिने पुण्याला परत जायचं, मैत्रिणीच्या, मृदुलाच्या ऑफिसात बसायचं, सुबोधने मागून यायचं, असं ठरलं होतं. त्याच आशेवर ती दिवस ढकलत होती.

शेजारचे रामदीनचाचा सुरिनामचे, पण घरची बोली पूर्वजांची, भोजपुरी वळणाची. त्यांच्याकडे तिकडचाच पिकोलेट पक्षी होता: चिमणीहून लहान, काळा, पोटाशी विटकरी, गवताचं बी खाणारा. चाचा त्याला पिंजऱ्यात घालून रोज फिरवायचे. नाहीतर तो माणसांना बुजतो, म्हणायचे. आणि जागा आपली वाटेपर्यंत गळा उघडत नाही.

मार्चमध्ये चाचांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. "बेटी, हमार चिरई के देखबे?" माझ्या पाखराला बघशील का, असं त्यांनी विचारलं.

"चिंता मत कीजिए चाचा, मैं हूँ ना." आपल्याकडे कुणाच्याही आजारपणात म्हणतात, तसं ती म्हणून गेली.

चाचांनी मात्र तो शब्द धरला. ऑपरेशननंतर चालणं जमेना, तेव्हा त्यांनी निमूटपणे वृद्धाश्रम पत्करला. तिथे पक्ष्यांना मनाई होती, पण सुरुची होती ना.

"बरं झालं," सुबोध म्हणाला. "तुझंही मन रमेल. जूनचं बघू सावकाश."

तिला असा संताप आला! पक्षी दुसऱ्या कुणाला देऊ का, हे विचारायला ती पिंजरा घेऊन वृद्धाश्रमात गेली. बागेतल्या बाकावर चाचांनी पिंजरा मांडीवर घेतला आणि ते रडले. ती काही न विचारता परतली.

पक्षी गप्पच होता. ती त्याला रोज कालव्याकाठी फिरवायची आणि मनातून देव पाण्यात घालून बसायची, की हा इथे न रमो. म्हणजे चाचांना सांगायला तोंड राहील.

मे महिन्यात मृदुलाचा फोन आला. "टेबल रिकामं ठेवलंय. तिकीट काढलंस?"

सुरुची बोलणार, तोच खिडकीतल्या पिंजऱ्यातून खणखणीत शीळ आली. मग दुसरी. पिकोलेट मान ताठ करून गात सुटला.

"कोण गं गातंय एवढं?" मृदुला हसली. "मजेत दिसतेस."

सुरुची पिंजऱ्याकडे बघत राहिली. त्याला हे घर आपलं वाटलं होतं.

"मृदुला," ती म्हणाली, "ते टेबल दे कुणाला तरी."