तुम्हीच ठेवलं असेल

मला भीतीच्या गोष्टींचं कौतुक नाही. शिरूरला माहेरी गेले होते, निघताना भाचीने एक लहानशी कादंबरी पिशवीत कोंबली. "आत्या, घाबरशील हं," म्हणाली. दौंडच्या एसटीत खिडकी मिळाली म्हणून उघडली.

गोष्ट एवढीच. एक बाई बहिणीकडे राहायला येते. तिच्या वस्तू जागा बदलतात: कंगवा, किल्ली, औषधाची बाटली. ती तक्रार करते, घरचे समजूत घालतात. सुरुवातीला मला त्या बाईचाच राग आला. एवढा संशय आहे तर खोलीला कुलूप लाव की! भूत कधी येतंय याची मी वाट बघत होते. ते येतच नाही. शेवटी बाईचा स्वतःच्या हातांवरचा विश्वास उडतो, आणि वस्तू कोण हलवत होतं ते लेखक सांगतच नाही. मला तो आळस वाटला.

पण एका जागी मी पुस्तक मिटलं. बहीण भाजी निवडता निवडता, अगदी मायेने म्हणते, "तूच ठेवलं असशील." हे वाक्य माझं होतं. आठवड्यातून चारदा मी ते घरात म्हणत होते.

माझे सासरे रेल्वेत गार्ड होते. गार्डाच्या पेटीत झेंडे, दिवा, शिट्टी, सगळं ठरलेल्या जागी लागतं. अंधारात हाताला सापडलं पाहिजे. निवृत्तीनंतर आबांनी खाटेशेजारी तशीच एक पत्र्याची पेटी लावली. उजवीकडे चष्मा, डावीकडे गोळ्या, मधे शिट्टी. मी ती पुसायला काढायचे आणि माझ्या सोयीने परत लावायचे. चष्मा डावीकडे जायचा, गोळ्या माठाजवळ. आबा ओरडायचे, "कोनतरी पेटीत हात घालतंय!" कामाच्या घाईत वाद नको, म्हणून मी म्हणायचे, "आबा, तुम्हीच ठेवलं असेल."

हळूहळू त्यांचं ओरडणं थांबलं. नुसते स्वतःच्या हातांकडे बघत बसायचे. नवऱ्याने स्मरणशक्ती तपासायला पुण्याच्या डॉक्टरची गुरुवारची वेळ घेतली होती.

घरी पोचले, पिशवी ठेवली आणि चहाआधीच सांगून टाकलं.

"आबा, चष्मा आणि गोळ्या मी हलवत होते."

"कवापासनं?"

"पेटी आली तेव्हापासून."

त्यांनी पेटी जवळ ओढली. मग म्हणाले, "तू गाडीवर असतीस तर पहिल्याच दिवशी मेमो दिला असता."

"द्यायला हवा होता."

"आन् शिट्टी? ती बी तूच?"

शिट्टीला मी कधी हात लावला नव्हता. तिची दोरी त्यांच्याच सदऱ्याच्या खिशातून लोंबत होती. 'हो, मीच' म्हणणं सोपं होतं, त्यांना बरंही वाटलं असतं.

"शिट्टी मी नाही. तुमच्या खिशात आहे."

त्यांनी ती काढली, उलटसुलट बघितली, पेटीत मधोमध ठेवली. मग डोळे मिटून उजवीकडे, डावीकडे, मधे हात फिरवला. चष्मा आणि गोळ्या मी तेवढ्यात जागेवर आणून ठेवल्या होत्या.

"म्हंजी एक चूक माझी, बाकीच्या तुझ्या," ते म्हणाले. "गुरुवारी तूच चल संगं. डाक्टरला दोन्ही सांग."