तीस पानांचं बारसं

मी आयुष्यात लिहिलेल्या पहिल्या कंप्यूटर प्रोग्राममुळे बावीस नातेवाईक उपाशी बसले. प्रोग्राममध्ये चूक एकही नव्हती.

मी तेव्हा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते, विषय इतिहास. कॉलेजने आम्हा इतिहासवाल्यांनाही प्रोग्रामिंगचा एक पेपर सक्तीचा केला होता. फळ्यावर कोडच्या ओळी उतरत असायच्या आणि माझ्या डोक्यात कुठल्यातरी राणीची पालखी संथपणे घाट चढत असायची. (ती वर पोचेपर्यंत तास संपायचा.)

मला पुढे इतिहासातच एम.ए. करायचं होतं. अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, ते पटत नव्हतं.

"इतिहास वाचायला छान गं, पण पोट कंप्यूटरवर भरतं. बरं, घराच्या उपयोगाचा एक प्रोग्राम करून दाखव. चालला तर खुशाल एम.ए. कर. फसला तर कंप्यूटरचा कोर्स. सरी?"

"सरी," मीही कानडीतच होकार दिला.

त्याच महिन्यात राजाजीनगरच्या आमच्या घरी भाचीचं बारसं होतं. सगळ्यांना फोन करून आमंत्रण द्यायचं काम माझ्याकडे आलं. फोनवर बोलायचं म्हटलं की मी फोनच आईच्या हातात देते! म्हणून मी सगळ्यांना एकच निरोप पाठवला आणि आलेली उत्तरं मोजणारा प्रोग्राम लिहिला. 'नक्की' असेल तर माणसं मोज, 'बघू' असेल तर सोड. इतकं सोपं.

संध्याकाळभर गॅलरीत बसून मी उत्तरं येताना बघत राहिले. एक शब्दही न बोलता अख्खं बारसं पार पडणार होतं. मला तर एम.ए.च्या ग्रंथालयातल्या जुन्या कागदांचा वासही यायला लागला होता.

"तीस पानं," मी जाहीर केलं.

"तीसच?" आई म्हणाली. "शांताक्का येत नाहीत?"

"'बघू' म्हणालीय."

आईने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण अप्पांनी हात वर केला. "मशीनने मोजलंय!" आचाऱ्याला तीसचा आकडा गेला.

बारशाच्या दिवशी सगळ्यांत आधी आली शांताक्का, अप्पांची जयनगरची मोठी बहीण. रेशमी साडी, अंबाड्यावर गजरा आणि मागे घरची सहा माणसं.

"अक्का, तू तर 'बघू' लिहिलं होतंस!" मी म्हणाले.

"मग? भावाच्या घरी यायला 'नक्की येते' लिहू? मी काय परकी आहे?"

पाठोपाठ सगळी 'बघू'वाली मंडळी आली. सहकुटुंब! 'नक्की'वाले मात्र मोजकेच उगवले. बेळ्ळंदूरच्या चुलतभावाने तर फोनवर सांगितलं, "निघालोच होतो गं, पण ट्रॅफिक..." मागून त्याच्या टीव्हीचा आवाज येत होता. वीस वर्षं या माणसांत वाढून मला एवढंही ठाऊक नव्हतं, की 'नक्की' ही आमच्यात न येण्याची सभ्य रीत आहे.

पहिली पंगत उठली तेव्हा होळिग्यांच्या, म्हणजे पुरणपोळ्यांच्या, डब्यात नुसता चुरा होता. आचारी म्हणाला, "स्वल्प भात आहे, बस्स!" दुसरी पंगत बसलेली होती.

"पान सुंदर आहे हो," अक्का केळीच्या पानावरून बोट फिरवत म्हणाली. "हिरवंगार. याच्यावर काही पडणार आहे का?"

"बघू," मी म्हणाले.

शेवटी कोपऱ्यावरच्या दर्शिनी हॉटेलातून इडल्या आल्या. बारशाला इडल्या! अप्पा प्रत्येक पानापुढे वाकून माफी मागत होते, आणि मी पाळण्याआड बसून पाळणा हलवत होते. (भाची केव्हाच झोपली होती.)

सगळे गेल्यावर मी तशीच बसून राहिले. डोळ्यांपुढे कंप्यूटरच्या कोर्सचा पांढराफटक वर्ग तरंगत होता. अप्पा शेजारी येऊन बसले.

"प्रोग्राम तसा चालला होता, अप्पा," मी पुटपुटले.

"हो. माणसंच चुकली." त्यांनी एका कोऱ्या केळीच्या पानाची घडी घातली. मग म्हणाले, "तू इतिहासालाच जा."

मला आधी खरंच वाटेना. "पण का?"

"तिथली माणसं जेवायला येत नाहीत."