गेलेल्यांचा रकाना

“लिहा, गुरुजी, पन हळू लिहा.”

शनिवारची सकाळची शाळा सुटली की आमच्या गावचा कोतवाल शाळेच्या ओसरीच्या पायरीवर येऊन बसायचा, डोक्याचं मुंडासं काढून गुडघ्यावर ठेवायचा आणि एवढं बोलून डोळे मिटायचा. मग आठवडाभरात गावात कोण जन्मलं आणि कोण मेलं, ते सांगायचा.

गाव चांदा जिल्ह्यातल्या मूल या मोठ्या गावापासून पाच कोसांवर, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेलं. त्याच्या मागे जंगल सुरू व्हायचं ते थेट गडचिरोलीकडे जायचं. मी हिंगणघाटकडचा, कापसाच्या मुलखातला. वय बावीस. नोकरीचा हुकूम हातात घेऊन आलो तेव्हा मला गुडघाभर चिखलात रोवणी करणाऱ्या बायांचंही नवल वाटलं होतं. आल्यानंतरच्या पहिल्याच शनिवारी कोतवालाने ठाण्यातून मिळालेलं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. अर्ध्या भागात जन्म, अर्ध्या भागात मृत्यू. त्याला लिहिता येत नव्हतं, म्हणून लिहिणं गुरुजीकडे. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक घेऊन तो मूलला ठाण्यात चालत जायचा आणि चालतच परत यायचा.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. त्याच्याकडे अधिकार काहीच नसतो, पण त्याच्याशिवाय गावाचं पान हलत नाही. गावच्या जमिनीचा मालक असलेल्या मालगुजाराच्या ओट्यावर त्याला कधी चढू दिलं गेलं नव्हतं. पण त्या ओट्याच्या आत, माजघरात कोणत्या दिवशी कोणतं मूल झालं, ते मालगुजारापेक्षा त्याला पक्कं ठाऊक असायचं.

त्याचं सांगणं मोठं गमतीचं. “मंगळवारी, बोडीचं पानी सोडलं त्या दिवशी, पोट्टी झाली. नाव नाई ठेवलं अजून, पन मूठ अशी आवळते का बोट सुटत नाई.” बोडी म्हणजे धानाला पाणी देणारं लहान तळं; ते सोडून मी फक्त मंगळवार आणि मुलगी एवढंच लिहायचो. मरणाच्या बाबतीत मात्र आमची अडचण व्हायची, कारण ठाण्याला कारण लागायचं. एकदा एक खूप म्हातारी बाई गेली. कशाने गेली, विचारलं, तर कोतवाल म्हणाला, “कंटाळली होती.” ताप होता का, विचारलं. नव्हता. खोकला? नाही. शेवटी मी ताप लिहिला. मी चुकीचं काहीतरी केलं आहे अशा नजरेने तो त्या अक्षरांकडे पाहत राहिला. वाचता येत नसूनही.

मग नव्या कायद्याने मालगुजारी गेली. ती जावी असं सगळ्यांना वाटत होतं आणि गेल्यावर पुढे काय, ते कोणालाच नीट कळत नव्हतं. मालगुजाराने बैलजोड्या विकल्या, वाड्याला कुलूप लावलं आणि तो नागपूरला राहायला गेला. त्याच्याकडे वर्षाच्या करारावर राबणारे गडी मोकळे झाले. जमीन काही जणांच्या नावावर आली, पण बियाणाचं धान कोणाकडून आणायचं, हा प्रश्न आला. त्याच उन्हाळ्यात घुग्घुसकडच्या कोळशाच्या खाणीतून एक मुकादम आला. धोतराऐवजी पाटलोण घालणारा तो आमच्या गावातला पहिला पाहुणा. तो परतला तेव्हा त्याच्यासोबत पाच तरुण गेले. दिवाळीला ते नवे सदरे घालून आले, आणि जाताना आणखी बऱ्याच जणांना घेऊन गेले. त्यात कोतवालाचा एकुलता एक मुलगा होता. पुढच्या खेपेला त्याने बायकोलाही नेलं.

मुलगा का गेला, हे मी एकदा विचारलं. कोतवाल म्हणाला की मुलाचं म्हणणं, तिथे पोटभर मिळतं हे तर खरंच, पण तिथे कोणी ‘ए कोतवालाच्या पोऱ्या’ अशी हाक मारत नाही. मुलाचं बरोबर आहे की चूक, ते त्याला ठरवता येत नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नाही.

त्यानंतरच्या वर्षी एक विचित्र गोष्ट होऊ लागली. शनिवारी कोतवाल यायचा, डोळे मिटायचा आणि काही सांगायचाच नाही. “या हप्त्यात काईच नाई, गुरुजी.” असे तीन-तीन शनिवार जायचे. नवरे खाणीत, बायका इथे किंवा माहेरी. मुलं होणार कुठून? म्हातारी माणसं तेवढी होती, आणि तीही मरायची घाई करत नव्हती. कोतवाल अस्वस्थ झाला. सांजवेळी तो तलावाच्या पाळीवर उभा राहून किती घरांतून धूर निघतो ते पाहायचा. एका शनिवारी त्याने पुस्तक माझ्या हातून घेतलं, उलटं-सुलटं केलं आणि विचारलं,

“जल्मले ते इकडे. मेले ते तिकडे. अन् गेले ते कुठी, गुरुजी?”

मी म्हटलं, गेलेल्यांचा रकाना यात नसतो. त्यांची मोजणी दर दहा वर्षांनी खानेसुमारीत होते, सरकार सगळ्या देशाची माणसं एकदम मोजतं. एकावन्न सालच्या मोजणीत मी स्वतः घरोघर फिरलो होतो, म्हणून जरा ऐटीतच सांगितलं.

“मंग दहा वर्षं ते कुठीच नाईत का?” त्याने विचारलं.

मी दौतीचं झाकण लावलं.

त्या पावसाळ्याच्या शेवटी सदाशिव नावाचा आमच्या गावचा मुलगा खाणीच्या चाळीत तापाने गेला. सोबतचा गडी त्याचे कपडे गाठोड्यात बांधून घेऊन आला. सदाशिवच्या आईने गाठोडं सोडलंच नाही, ते मांडीवर घेऊन बसून राहिली. शनिवारी कोतवालाने तो मृत्यू सांगितला. मी लेखणी खाली ठेवली. मृत्यू जिथे होतो तिथल्या पुस्तकात लिहायचा असतो, असा नियम आहे, म्हटलं. त्याला ते पटेना. सदाशिवचा जन्म त्याने स्वतः सांगितलेला, तेव्हाच्या गुरुजींनी लिहिलेला. मग मरण दुसऱ्याच्या पुस्तकात कसं, हा त्याचा सवाल. शेवटी मी लिहिला.

ठाण्यातल्या मुन्शीने ती नोंद लाल शाईने खोडली. एक माणूस दोन ठिकाणी मेलेला दिसेल, म्हणाला. कोतवालाला दिवसभर व्हरांड्यात उभं ठेवलं आणि पुन्हा असं झालं तर कोतवाली जाईल, असा दम दिला. कोतवाल तिथून घरी आलाच नाही. तसाच चांद्याच्या वाटेला लागला, आणि तिथून घुग्घुसला. सदाशिवचं मरण तिथे कोणी लिहिलं आहे का, ते त्याला पाहायचं होतं.

आठ दिवसांनी तो आला तेव्हा त्याचं मुंडासं कोळशाने काळं झालं होतं. पायरीवर बसून त्याने सगळं सांगितलं. तिथे चाळींवर चाळी, तेलंगी माणसं, छत्तीसगडची माणसं, उत्तरेकडची माणसं. शेजारी कोण राहतो ते शेजाऱ्याला माहीत नाही. सदाशिवबद्दल त्याने मुकादमाला विचारलं, मुकादमाने कचेरीत विचारायला सांगितलं, कचेरीतल्या माणसाने ठाण्यात जायला सांगितलं, आणि ठाण्यात त्या नावाचं कोणी मेलेलंच नव्हतं.

“इथी खोडला. तिथी लिवलाच नाई. मंग मेला का नाई मेला, गुरुजी?” तो म्हणाला. “तुमी लिहा पुन्यांदा. माही कोतवाली गेली त जाऊ द्या.”

मी लिहिलं नाही. माझं लग्न ठरत होतं, नोकरी कच्ची होती. वर विचारून पाहतो, असं काहीतरी पुटपुटलो. त्याने मान हलवली, रागावला नाही. तो रागावला असता तर मला बरं वाटलं असतं.

मग उठता उठता त्याने दुसरी गोष्ट सांगितली, जी खरं तर त्याने आधी सांगायला हवी होती. त्याच्या मुलाला मुलगी झाली होती. तीन महिन्यांची. आईबापाने निरोप दिला होता, पण निरोप आणणारा मध्येच दुसऱ्या खाणीवर गेला. गावातल्या प्रत्येक मुलाचं रडणं नाळ कापायच्या आधी ज्याने ऐकलं, त्याला स्वतःची नात तीन महिने ठाऊक नव्हती. तिचं नावही कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

आधीच्या लाजेने असेल, मी पुस्तक ओढलं आणि तिचा जन्म आमच्या गावात झाला असं मोठ्याने म्हणत लिहून टाकलं. त्याने पाहिलं. त्याचा चेहरा उजळला, मला खात्री आहे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच तो दारात हजर. रात्रभर झोपला नव्हता.

“ते खोडा, गुरुजी. ते इथी नाई जल्मली.”

मी म्हटलं, राहू द्या, कोणाचं काय बिघडतं? तर तो म्हणाला की आजवर त्याने सांगितलेलं एकही माणूस खोटं नव्हतं. मी खोडलं. लाल शाई नव्हती, काळ्यानेच खोडलं. त्या पुस्तकात आता दोन खोडलेल्या ओळी होत्या. त्यातलं मरण खरं होतं आणि जन्मही खरा होता. मी पुस्तक मिटून त्याच्या हातात दिलं. नियम पाळला की मोडला, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

धानाची कापणी झाली आणि कोतवालाने कोतवाली सोडली. मुलाकडे जातो म्हणाला. मी त्याला अडवायचा प्रयत्न केला. या वयात तिथे काय करणार, तिथे ना बोडी ना बांधी, आणि त्याला तर चाळीत एक रात्रही झोप लागली नव्हती, असं त्यानेच सांगितलं होतं.

“इथी पाह्यची मानसं सरली, गुरुजी,” तो म्हणाला. “तिथी मानसं लय हायेत. पन त्याईले पाहनारं कोनी नाई.”

त्याच्या जागी आलेला कोतवाल चौथी शिकलेला होता. तो स्वतःच लिहायचा, झरझर. माझी शनिवारची दुपार मोकळी झाली आणि त्या दुपारचं काय करावं, ते मला कळेनासं झालं.

पाच वर्षांनी बहिणीच्या सोयरिकीसाठी एका ट्रकमधून वणीला निघालो होतो. ट्रक घुग्घुसला थांबला. ड्रायव्हर म्हणाला, अर्धा तास लागेल. मी चाळींकडे गेलो. कोतवालाचं वर्णन करून विचारत राहिलो. मुंडाशाचा म्हातारा म्हटल्यावर लोकांना कळायचं. तो इथेच होता, आता नाही. मुलासोबत माजरीला गेला, असं एकाने सांगितलं. दुसरा म्हणाला, माजरी नाही, बल्लारपूर. तिसऱ्याने थेट तेलंगणातल्या खाणींचं नाव घेतलं. म्हातारा जिवंत आहे ना, असं विचारलं, तर तिघांनीही एकमेकांकडे पाहिलं.

नळावर एक तेलंगी बाई भांडी घासत होती. तिला माझं बोलणं कळत नव्हतं, पण ‘कोतवाल’ हा शब्द कळला. तिने हात धुतले, जवळ खेळणाऱ्या आपल्या मुलीला पुढे ओढलं आणि एकेक शब्द जपून, आमच्या गावच्या बोलीत म्हणाली, “बुधवारी, खानीचा भोंगा व्हायच्या आंधी, लय थंडी होती, पोट्टी झाली.” पाठ केल्यासारखं. मग शेजारच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथल्या बाईनेही आपल्या मुलाचा वार आणि वेळ तशीच म्हणून दाखवली. तिच्या पलीकडचीनेही. ह्या बायकांना मराठीतलं दुसरं काही येत नव्हतं. म्हाताऱ्याने प्रत्येक घरात जाऊन ते पुन्हा पुन्हा म्हणवून घेतलं होतं, मुलं मोठी झाली की त्यांना सांगायला, असं एका छत्तीसगडी माणसाने मला हिंदीत समजावलं.

सदाशिवबद्दल विचारावंसं वाटलं. धीर झाला नाही.

ट्रकचा भोंगा वाजला. मी वळलो तेव्हा त्या मुलीने माझं बोट धरलं आणि काहीतरी विचारलं. म्हाताऱ्याचं गाव कुठे आहे, असं ती विचारते आहे, तो छत्तीसगडी माणूस म्हणाला. चारी बाजूंना चाळी आणि कोळशाचे ढीग, आभाळ भरून आलेलं. मी अंदाजाने हात केला, तिकडे, म्हटलं. ती तिकडे पाहत उभी राहिली. ट्रक नदीजवळ आला तेव्हा ढग फाटून ऊन पडलं, दिशा कळल्या, आणि माझ्या लक्षात आलं की मी भलत्याच दिशेला हात केला होता.