खंडेनवमीला मोडलेलं धनुष्य

मी चौथी शिकलेला माणूस. जुन्या धनुष्यांचं वेड कुठून लागलं, देव जाणे. ऐंशीच्या दशकात सुट्टीच्या दिवशी घाटकोपर, चेंबूरची भंगाराची दुकानं पालथी घालायचो. टोकं पुढे वळलेली लाकडी धनुष्यं हवी असायची, रिकर्व्ह म्हणतात ती. तीन जमली होती. बायको म्हणायची, "अहो, खोली दहा बाय दहा, आणि हे निघालेत वनवासाला!"

अशा धनुष्याची दोरी एरवी काढून ठेवतात. चढवताना ते वळणाच्या उलट वाकवायचं असतं. हे मी तिला कधी सांगितलंच नाही.

खंडेनवमीला कारखान्यात माझी दिवसपाळी होती. घरी तिने माझे पाने, हातोडी पाटावर मांडले, आणि सगळ्यात चांगलं धनुष्यही. दोरी तिनेच चढवली, दिसेल त्या वळणाच्या बाजूने. लाकूड तडकलं. मी आलो तेव्हा त्यावर हळदकुंकू होतं, झेंडूची माळ होती, आणि ती कोपऱ्यात रडत होती.

"बोडकं कसं पुजायचं हो? म्हणून चढवली."

"अक्कल आहे का गं तुला?" एवढं बोललो, आणि पुढे पंधरा दिवस एक शब्द नाही. ती ताट वाढायची, मी जेवून उठायचो.

पुढचं नवरात्र तिने पाहिलं नाही. कावीळ झाली आणि गेली. धनुष्यं नंतर आणखी मिळाली, त्याहून चांगली. पण आमचा संसारच मुळात थोडक्यात आटपला, आणि त्यातले पंधरा दिवस मी एका लाकडापायी फुकट घालवले.