काळ्या वायरी, रंगीत चिंध्या

आज मिक्सरची वायर जळाल्याचा वास आला आणि मी मनाने लहानपणीच्या, रायपूरजवळच्या भनपुरीच्या अंगणात पोचले. तेव्हा रायपूर नुकतंच छत्तीसगडची राजधानी झालं होतं. बाबांनी ट्रॅक्टरला फ्यूजऐवजी जाड तार लावली होती, त्यामुळे चालता चालता वायरिंग पेटलं. आई तेव्हापासून अबोल होती. ट्रॅक्टर जळाला म्हणून रागावली, असं मला वाटायचं.

बाबा नवं वायरिंग करत होते, पण बाजारात सगळी वायर काळीच मिळालेली. हेडलाइटची कुठली, हॉर्नची कुठली, ते सारखे चुकत होते. आई लाल काठांचं हिरवं लुगडं घेऊन आली, चिंध्या फाडून वायरींना बांधू लागली.

"चांगलं लुगडं काहून फाडून राहिली?" बाबा म्हणाले.

"हिरवी हेडलाइटची, लाल हॉर्नची. अन् आता फ्यूजच लावजा. त्या ट्रॅक्टरवर तुम्ही बसता."

"हव," बाबा हळूच म्हणाले.