दाजींचा कोरडा स्पंज

आमच्या दाजींइतका हटवादी माणूस नाशिक जिल्ह्यात दुसरा सापडणार नाही, आणि सापडलाच तर कृपा करून त्याची माझ्याशी ओळख करून देऊ नका. एक पुरे झाला. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे सटाण्याचे, चाळीस वर्षं वायरमन. कुणाकडे जेवायला गेले तरी आधी मीटरच्या पेटीत डोकावणार, "कोन्या गाढवानं केलंय हे?" म्हणून घरधन्याचा उद्धार करणार, मगच ताटावर बसणार. एका लग्नात तर ऐन मंगलाष्टकांत त्यांनी मेन स्विच पाडला. वायर तापली होती म्हणे! अंधारात अक्षता कुणाच्या डोक्यावर पडल्या, देव जाणे.

गेल्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, पहिले काही महिनेच मोलाचे. हात हलवणारा मेंदूचा भाग जागा व्हावा म्हणून डोक्यावर दोन ओले स्पंज बांधायचे, त्यांतून नाममात्र करंट सोडायचा आणि त्याच वेळी हाताचा व्यायाम करायचा. नाशिकच्या द्वारका चौकातल्या त्या ट्रॅफिकमधून मी आठवड्यातून तीनदा, रजा टाकून, त्यांना नेत होतो. आणि हे गृहस्थ? पहिल्याच दिवशी खिशातला टेस्टर काढून स्वतःच्या कपाळाला लावला. "दिवा लागत नाय. फसवता राव!"

त्यात मशीन सारखं बंद पडायचं. थेरपिस्ट मॅडमनी वायरी बदलल्या, मशीन बदललं, पंधरा दिवस गेले. मग एकदा मी पाहिलं. मॅडम पट्टा आणायला वळल्या की दाजी ताटलीतले भिजवलेले स्पंज डाव्या मुठीत पिळून कोरडे करत होते! कोरड्या स्पंजातून करंट जाईना, म्हणून मशीन बंद.

माझं डोकंच फिरलं. "दाजी, हात हवाय की नको? ताई रोज घास भरवते तुम्हाला, तिची तरी दया येऊ द्या!"

"पानी आन् करंट एकत्र?" ते माझ्यावरच डाफरले. "जन्मभर पोरांना हेच शिकवलं. म्हणून जिवंत हाय मी."

मशीन साध्या सेलवर चालतं, मॅडमनी परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. मी असा ओरडलो की अख्खा दवाखाना जमला. शेवटी "बांधा" म्हणाले आणि डोळे घट्ट मिटले. मी रागातच त्यांचा लुळा हात धरून उभा होतो.

"सोड मला," ते म्हणाले. कुणी कितीही सांगितलं तरी आत येताना न काढलेल्या रबरी चपला त्यांनी पायातून काढल्या आणि चाचपडत माझ्याकडे सरकवल्या.

"घाल. अनवानी उभा हाय तू."

मला अतोनात लाज वाटली. मी चपला घातल्या. मॅडमनी बटण दाबलं, तेव्हा दाजींचे उघडे पाय फरशीवर होते.