मेंटलमधला ज्वारीचा दाणा

आधीच सांगते, भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. तिठ्यावर उतरवून टाकलेली लिंबं उचलून मी सरबत करून प्यालेय... साखर जरा कमी पडली, बाकी काही झालं नाही.

महायुद्ध चालू होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही काष्टीला. माझे अब्बा लग्नात गॅसबत्त्या भाड्याने देत. बत्तीचा मेंटल म्हणजे जाळीची पिशवी. पहिल्यांदा पेटवली की सूत जळतं, उरते पांढरी राख — आणि उजेड देते ती राखच! बोट लागलं की भुगा. युद्धामुळे नगरलाही मेंटल मिळेना. आमच्याकडे शेवटचा एकच. त्यात अब्बांचा हात मोडून गळ्यात.

पाटलांच्या मुलीचं लग्न गोरज मुहूर्तावर. मी म्हटलं, बत्ती मी लावते.

"चाचा, पोरीच्या हाताला मेंटल टिकत न्हाई," पाटलीणबाई म्हणाल्या.

"न्हाई टिकला तर जल्मात बत्तीला हात लावायची न्हाई!" मी.

अब्बा हसले. "लाव. पन कडेच्या खांबाला टांग, बेटा."

ऐकते कसली! सगळ्यांनी माझी करामत बघावी म्हणून बत्ती नेमकी अंतरपाटाच्या वर टांगली, आणि शेजारी स्टुलावर ऐटीत उभी राहिले. बत्तीच्या काचेचा एक तुकडा उडालाय, आणि आमच्या भागात अक्षता ज्वारीच्या असतात — दोन्ही विसरले. चौथी पास शहाणी!

अक्षता उधळल्या, आणि कुंकवात रंगवलेला एक दाणा फटीतून थेट मेंटलमध्ये. हे भोक! ज्वाला फसफसली, मेंटल काजळला, मांडव अंधारला.

"हवा सोड!" अब्बा ओरडले.

घाबरून मी उलट पंपच मारत सुटले... आणि मेंटल असा लखलखला की पाटलीणबाईंनी डोळ्यांवर पदर घेतला! पंगती उठेपर्यंत उजेड ढळला नाही.

बत्ती निवल्यावर अब्बांनी न्याहाळलं. भोक कुठेच नव्हतं. आणि आत तळाशी दाणा — अख्खा, लाल!

"या अल्ला," ते पुटपुटले, आणि बत्ती साफ करायची पिन माझ्या हातात ठेवली. "आजपास्नं बत्त्या तुझ्या."

त्याच मेंटलवर मी अख्खी लग्नसराई काढली. पुढे पाटलीणबाईच सांगून धाडायच्या, "पोरीलाच पाठवा!"

माझी नात मेंटलच्या राखेत असतात तसल्याच ऑक्साईडांवर संशोधन करते. म्हणते, "आजी, तापलेलं सिरियम ऑक्साईड हवा कमी-जास्त झाली की ऑक्सिजन सोडतं, परत घेतं, रूप बदलतं. पण भोक नाही गं बुजवत! आणि दाण्याची निदान लाही तरी...?"

मला काय विचारतेस बाई? मलाही आजवर उमगलेलं नाही.

मेंटल पिचला तेव्हा काढून घेतलेला तो दाणा माझ्या एका कुंकवासारख्या लाल डबीत अजून आहे. नात तो भट्टीत घालून बघायला मागते. मी देत नाही.

लाही झाली म्हणजे?